तारण

सात महिने माझी गिटार रेडकरांच्या दुकानात होती,
होडीच्या गिअरबॉक्ससाठी उचललेल्या अकरा हजारांपोटी.
खिळ्याला टांगलेली,
वर दोरांची वेटोळी, खाली शिशाच्या गोळ्या,
आणि सगळ्यावर डिझेलचा वास.
वहीत नोंद: इनास लोबो, तारण, नग एक.

वेंगुर्ल्याच्या बाजारात जाताना मी रस्ता बदलायचो.

तारण हा शब्द फादर आल्बिन दर रविवारी उच्चारतात.
लहानपणी वाटायचं,
यांना व्याजाचं कुणी सांगितलेलं नसावं.

रेडकरांनी व्याज घेतलं, पुरतं घेतलं.
मग खांद्यावरच्या पंचाने गिटार पुसून म्हणाले,
"हिचो आवाज कसो तो तरी ऐकव."
खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत राहिलं,
मी दोरांत उभा राहून वाजवलं.
पहिली तार तिथेच तुटली.
खाऱ्या हवेने ती आतून खाल्ली होती.

सावंतवाडीहून तार येईपर्यंत
मी तिच्या जागी तंगूस ओढली,
वीस किलोची, सुरमईसाठी लावतात ती.

शनिवारी तेर्स आटोपला की वेदीच्या डावीकडे आम्ही तिघे.
सेवेरीन, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला.
लुर्डीन, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
ती फोनवर ऐकून नवं गाणं आणते,
चार कॉर्ड, शब्द तिनेच मराठीत बसवलेले.
"कॅपो तिसऱ्या पडद्यावर, अंकल."

पडदा.
गुड फ्रायडेला वाचतात, मंदिराचा पडदा
वरपासून खालपर्यंत फाटला.
माझ्या गिटारला वीस आहेत.
अठराव्यापर्यंत मी कधी गेलो नाही,
तिथे माझं बोट मावत नाही.

वाजवण्याआधी एकेकाने साक्ष द्यायची, ही लुर्डीनची अट.
सेवेरीन सांगतो, दारू सुटली, एकोणीस महिने झाले,
लादी उचलताना हात अजून थरथरतो,
एफ धरताना थरथरत नाही.
लुर्डीन सांगते, वॉर्डात एका म्हातारीच्या उशाशी
हेच गाणं हळू म्हटलं.
म्हातारी म्हणाली, "आमच्या वेतोबाचा नाय मा ह्या?
असांदे. म्हण."

माझी पाळी आली की मी खुंट्या पिळत बसतो.

एकदाच बोललो.
निवतीच्या पुढे इंजिन बंद पडलं होतं,
वारा फिरलेला, दिवे दिसेनात.
प्रार्थना आठवायला गेलो तर एकही ओळ येईना.
वल्ह्यावर डावा हात मात्र
जी धरत होता, मग डी, मग परत जी.
रात्रभर.
"ह्येका साक्ष म्हणतत काय?"
लुर्डीन काही बोलली नाही.
सेवेरीन म्हणाला, "चल, पयल्यापासून घे."

रविवारी पहिल्या बाकावर रुझार मामा.
खांदा धरेपर्यंत या चर्चचं व्हायोलिन त्यांचं होतं,
लॅटिन त्यांना अर्थाशिवाय पाठ आहे.
आमचं गाणं सुरू झालं तसं त्यांनी पुस्तक मिटलं
आणि खिडकीबाहेर सुरूच्या झाडांकडे बघत बसले.
मागे पोरं टाळ्या वाजवत होती.
बायका आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने.
तंगूस मध्येच उतरत होती,
मी दर कडव्याला ओढून घेत होतो.

मिस्सा संपल्यावर पोर्चमध्ये मामांनी गाठलंच.
आता म्हणतील, वरातीचो बँड.
त्यांनी गिटारवर वाकून नख मारलं.
"कितक्या किलोची?"
"वीस."
"मगे इतकी ओढतंस कित्याक?
ओढलंस काय मासो तोंड फाडून जाता.
जरा सैल सोड. येता तो आपणहून."

तार आली आहे, पाकिटातच आहे.
मी खुंटी अर्धा वेढा मागे फिरवली.
आता सगळी गाणी थोडी खालून सुरू होतात,
आणि पहिल्या बाकावरून,
लॅटिन की मराठी ते कळत नाही,
कुणीतरी गुणगुणतं.