हिला अजून नाही

वराझ्दात मामाला जाऊन आज चाळीस दिवस झाले.
ग्युम्रीत बर्फ असा पडलाय
की कब्रस्तानाच्या वाटेवर खुद्द पाद्रीबाबाच घसरले,
आणि मामाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हातारा कारापेत,
त्यांना हात देता देता म्हणाला,
"हे त्याचंच काम."
तिथून जे सुरू झालं.

टेबलावर तुतीची दारू.
मेलेल्याच्या नावानं पिताना पेल्याला पेला लावायचा नसतो,
तेवढा नियम सगळ्यांनी पाळला.
बाकी आवाज भरपूर झाला.
बोकडाची गोष्ट कारापेतनं एका तऱ्हेनं सांगितली,
आईनं दुसऱ्या.
एकीत बोकड शेवटी मरतो,
दुसरीत नगरपालिकेत चिकटतो.
दोघंही शपथेवर सांगत होते, आम्ही तिथं होतो.

भूकंपानंतर मामानं दुकान थाटलं ते पत्र्याच्या डब्यात,
बाहेर पाटी लावली: "तात्पुरतं. क्षमस्व."
ती पाटी मी दोनदा रंगवून दिली,
एकदा शाळेत असताना,
एकदा माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा.

आरसा ढिगाऱ्यातून काढलेला. मधोमध तडा.
खुर्चीत बसलं की तोंडं दोन दिसायची.
"पैसे दोघांचे होतात," मामा म्हणायचा,
"पण तुमच्यातला एकजण ओळखीचा निघाला,
जा, एकाचेच द्या."
हे तो प्रत्येकाला म्हणायचा, असं मला वाटायचं.

डिसेंबरच्या सात तारखेला मात्र
तो दुकान उघडायचा आणि काही म्हणजे काही बोलायचा नाही.
सिर्बुही मामी त्या सकाळी शाळेत शिकवायला गेली होती.
लोक मुद्दाम त्याच दिवशी यायचे,
वाढलेले नसले तरी केस कापून घ्यायचे,
मान खाली घालून.
कात्रीचा तेवढा आवाज.
बाहेर पडताना कुणी दाराशी त्याच्या खांद्यावरचे केस झटकायचं,
जसा तो रोज त्यांचे झटकायचा.

जेवणं उरकल्यावर मी किल्ली घेऊन एकटीच गेले.
साबणाचा वास अजून होता, थंडीनं आखडलेला.
खणात वस्तरे, बिनदाताची फणी, एक डावा हातमोजा,
आणि निळ्या पुठ्ठ्याची वही.
म्हटलं, उधारीची असेल.

होतीही एका अर्थी.
डावीकडे माणसांची नावं, उजवीकडे नुसते आकडे.
कारापेत: चार, नऊ, सतरा, (आरशाचा) दोन.
पाद्रीबाबा: नऊ. सतरा, अर्धाच, मध्येच घंटा झाली.
डॉक्टरीणबाई: दोन, हसल्या नाहीत. पुन्हा दोन. हसल्या.
कुणाला कुठला विनोद सांगून झाला, याचा हिशेब,
तीस-पस्तीस वर्षांचा,
म्हणजे एकच गोष्ट एकाला दोनदा ऐकावी लागू नये.
आणि आम्ही समजत होतो, हा सुचेल ते बोलतो.

माझं पान लांबलचक होतं.
शेवटच्या ओळीत त्रेसष्ट,
त्याला गोल केलेला, पुढे लिहिलेलं:
"हिला अजून नाही. जरा मोठी होऊ दे."
मी एकोणपन्नास वर्षांची आहे, मामा.

परत येऊन विचारलं, त्रेसष्ट नंबर कुणाला माहीत आहे?
कारापेत म्हणाला, मला. सांगू लागला, तो नऊ निघाला.
आई म्हणाली, असला काही नसेलच, तुला कामाला लावलंय.
पाद्रीबाबांना एकदम खोकला आला,
आणि ते कान लाल होईपर्यंत खिडकीतून बर्फ बघत राहिले.

मी विचारलं नाही पुन्हा.
त्यांच्या पेल्यात थोडी ओतली,
माझ्या पेल्यात थोडी.
विसरून पेला पेल्याला लागला.