उजवा, सात नंबर

जर्मनीहून खोकं आलं. भुशात पाय,
मांडीपासूनचा, उजवा, सात नंबर, गुलाबी.
नरसव्वानं उलटून पाहिला,
"गोऱ्याचा हाय की. उन्हात काळा व्हतो का?"

चढवला. बोळातून चालत गेली
विडी कारखान्यापर्यंत, ताठ.
मग मांडीवर सूप घ्यायला खाली बसू गेली
आणि गुडघा म्हणाला, नाही.
तो खुर्चीच्या देशातून आलेला.

मी पत्र लिहिलं: पाय उत्तम. मांडी घालता येत नाही.
तीन आठवडे काही नाही.
मग नैरोबीहून,
ज्यांना आम्ही विचारलंच नव्हतं,
एक चित्र: दुमडणारा गुडघा,
कडेला पेन्सिलीनं,
'जर्मनीनं तुमचं पत्र इकडे धाडलं.
आमच्या बायकाही खालीच बसतात.'

पट्टा तेवढा आमचा.
गड्डमच्या मागावर, टॉवेलचं सूत,
घाम पितो, काचत नाही.

आज नरसव्वा बसली. हजार विड्या.
उठताना गुडघा वाजतो, कडक्.
ती म्हणते, "आफ्रिका बोलली."

काल नैरोबीची चिठ्ठी:
तसले चाळीस पट्टे पाठवा.
गड्डम विचारतो, काठ कुठल्या रंगाचा?
मला ठाऊक नाही.
विचारायला हवं.