औराद ते लातूर, जाऊन येऊन

गाडी जुनी, आधी पुण्यात टॅक्सी होती.
विकणारा म्हणाला, एका चार्जमध्ये दोनशे.
दोनशे कागदावर.
औरादच्या रस्त्याला, मे महिन्यात, एसी लावून
एकशे दहा.
एसी बंद केला तर एकशे तीस,
आणि मन्मथअप्पा ओला पंचा डोक्यावर घेऊन
मागं गुमान बसतात.

मंगळवार आणि शुक्रवार, लातूरला डायलिसिस.
जाऊन येऊन दीडशे.
म्हणजे जाता येतं, परत येता येत नाही.

लोक विचारतात, मधेच संपली तर?
मी लातूरचा. औरादला लग्नानं आलो.
आमच्या गल्लीत नळ बारा दिवसांनी यायचा.
आई हौदात काठी बुडवायची,
ओल किती बोटं चढली ते बघायची,
त्यावर ठरायचं, आज धुणं
की नुसतं अंग पुसणं.
टक्के बघत जगणं मला कुणी शिकवू नये.
काठीच्या जागी काच आली, एवढंच.

निलंग्याला एकाहत्तर.
चढाला दोन जातात, उताराला एक परत येतो.
तो एक आला की अप्पांना
सोडून दिलेली उधारी वसूल झाल्यागत वाटतं.
"आला बघ," म्हणतात.

मोबाइलच्या नकाशात दवाखान्यामागं हिरवा ठिपका.
जागेवर गोणपाट घातलेलं यंत्र
आणि त्यावर वाळत टाकलेली चादर.
म्हणून गौसभाई, रात्रपाळी संपूनही घरी न जाणारे,
जनरेटरच्या खोलीबाहेरचा मोठा प्लग देतात.
साठ रुपये आणि एक कट चहा.

वर दुसऱ्या मजल्यावर अप्पांच्या हातात दोन सुया.
खाली गाडीला एक वायर.
चार तास, दोघांनाही.
लाइट गेली की वरचं यंत्र किंचाळतं,
जनरेटर धडधडतो, वरचं सुरू होतं.
खालच्या प्लगला जनरेटरची लाइन नाही.
बरोबरच आहे.
मी लिंबाखाली बसून
गेलेली मिनिटं किलोमीटरमध्ये मोजतो.

त्या शुक्रवारी लाइट दीड तास गेली.
निघालो तेव्हा काचेवर अठ्ठावन्न.
औसा नाक्यावर रिक्षांची रांग होती,
एक पोरगं सीटखालून रिकामा डबा ओढायचं,
भरलेला ढकलायचं, पुढचा.
चहा गार व्हायच्या आत रिक्षा पळायची.

"आपल्या गाडीचं असं बदलत न्हाईत का रं?"
"नाही अप्पा. आपली खालून बोल्टानं आवळलेली आहे.
अडीचशे किलोची."
"म्हंजी गॅसच्या टाकीगत हाय म्हण त्यांचं.
आपली रिकामी द्यायची, कुणाची तरी भरलेली घ्यायची."
"हो."
"ती कुणाची, कशी वापरलेली, कुणाला ठाव."
"नसतंच ठाऊक."

मग बराच वेळ काही नाही.
यादीत नाव लागून तीन वर्षं झाली.
महानंदा म्हणते, माझी घ्या, तपासण्यासुद्धा करून आली
न सांगता.
त्या दिवशी अप्पा दोन दिवस जेवले नव्हते.
"पोरीला रिकामी दिऊन भरलेली घ्यायची?
दुकान हाय का ते?"
हे मला कुणी सांगितलं नाही.
घराची भिंत आमची एकच.

चाळीसच्या वेगानं, काचा उघड्या.
कडब्याचा ट्रॅक्टर मागं टाकून गेला,
वरच्या पोरांनी हात केला.
निलंग्याच्या पुढं बावीस टक्के.
अप्पांनी पुढं वाकून
माझा मोबाइल चार्जिंगवरून काढला
आणि खिशात ठेवला.
"तेवढंच," म्हणाले.

औरादच्या वेशीत सात.
महानंदा ओट्यावर उभी होती.
माझ्यासाठी काठोकाठ तांब्या,
अप्पांच्या फुलपात्रात तळाशी दोन बोटं पाणी.
त्यांनी ते हलवलं, बघितलं,
निम्मं प्यायले,
उरलेलं झाकून ठेवलं रात्रीसाठी.

मी खिडकीतून वायर बाहेर सोडली.