उतार

कणकवलीहून टेम्पोतून खोका आला.
पत्त्यात एवढंच: सिस्टर, उपकेंद्र, पिरावाडी.
आत कपाट होतं, सुटं सुटं, आडवं निजलेलं.
भुसा दाबून केलेल्या फळ्या, चौसष्ट स्क्रू,
एक वाकडी किल्ली
आणि एक कागद, ज्यावर अक्षर म्हणून नाही,
नुसता गोल डोक्याचा एक माणूस
प्रत्येक चित्रात हसतोय.
त्याच्याकडे लाइट जात नसावी.

तिसऱ्या रात्री कपाट उभं राहिलं.
दारं मात्र एकमेकांशी बोलेनात.
डावं चार मिलिमीटर खाली,
उजवं त्याच्या खांद्यावर चढलेलं.
रेटून लावलं तरी मध्यरात्री
उजवं आपणहून उघडायचं, हळूच,
कुणी दारात येऊन विचारावं तसं:
झोपलात का सिस्टर?

बिजागरीला किती ठिकाणी फिरवता येतं
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
पुढचा स्क्रू फिरवला की दार डावीउजवीकडे सरकतं,
मागचा सैल केला की आतबाहेर,
पट्टीवरचे दोन सोडले की वरखाली.
पाव फेरा. थांबायचं. लावून बघायचं.
लस टोचताना बाळाची आई
माझ्या चेहऱ्याकडे बघते ना,
तशी मी त्या फटीकडे बघत राहिले.
खाली जुळली की वर फाकायची.
वर जुळवावी, तर दार कपाटालाच घासायचं.
पाचव्या दिवशी स्क्रूच्या डोक्यावर
तांबूस पूड धरली. खारी हवा.
तीन आठवडे मी पाव पाव फेरे देत होते.
जिंतूरहून आई फोनवर म्हणाली,
सुतळीनं बांधून टाक.

बुधवारी आत्माराम मेस्त आले.
होड्या बांधायचे, फायबर आल्यापासून डागडुजीच जास्त.
तासणीनं कापलेला अंगठा पुढे केला,
मी पट्टी बांधत होते आणि मागे
उजवं दार उघडलं.
ते दाराजवळ गेलेच नाहीत.
स्कूटरच्या डिकीतून प्लास्टिकची नळी आणली,
पाणी भरलं, एक टोक स्वतः भिंतीला धरलं,
दुसरं माझ्या हातात दिलं.
हलू नकात.
पाणी नळीत खालीवर झालं
आणि मग, दोघांच्या मध्ये, गप्प बसलं.
पेन्सिलीच्या दोन खुणा. खुणांपासून लादीपर्यंत
त्यांनी बोटं मोजली.

बाई, कपाट वाकडां नाय. भुंय उतरती आसा.
धुतल्यार पाणी भायर जावक व्हयां,
म्हणान बांधणाऱ्यान मुद्दाम दिलेलो उतार.

उतार.
हा शब्द मी रोज लिहिते,
रजिस्टरात, तापाच्या पुढे.
इथे तो लादीखाली होता
आणि तीन वर्षं मी त्याच्यावर झोपत होते,
बहुधा डोकं मोरीकडे करून.

पुढच्या डाव्या पायाखाली
ओआरएसच्या खोक्याचा पुठ्ठा गेला, चार घड्या,
ओल चढू नये म्हणून त्याखाली
सलाइनच्या रिकाम्या बाटलीचा तुकडा.
मग म्हणाले, आता केलास तां सगळां उलटां करा.
सगळं?
सगळां. वाकड्यावर बसवलेलां सरळ, तां वाकडांच.

तीन आठवड्यांचे पाव पाव फेरे
मी एका दुपारी परत घेतले,
मनगट भरून आलं.
दारं आली एकमेकांपाशी, काही न बोलता,
मी उत्साहात अगदी चिकटवली,
तर त्यांनी किल्ली घेऊन पुन्हा लांब केली,
मध्ये रुपयाचं नाणं आडवं धरून बघितलं.
पावसात फुगतला, म्हणाले.

पैसे घेईनात.
बाही वर करून स्टुलावर बसले, त्यापेक्षा माझा प्रेशर बघा.
पट्टा आवळला, हवा भरली, सोडली.
एकशे छप्पन, खाली अठ्ठ्याण्णव.
त्यांनी आकडा ऐकला, कपाटाकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
ह्येचो स्क्रू खंय आसा, बाई?

सुक्या बांगड्यात, मी म्हटलं.
पाव फेरा कमी करून बघू या.