बत्तीस हजारांची

ढमढेरे काकांनी किल्ली दिली,
सोबत एक फडकं, पाण्याची एक बाटली,
आणि म्हणाले, इंजिन तुमच्याच सीटखाली आहे.
बूड भाजायला लागलं की थांबायचं.
काट्याकडे बघू नका,
काटा दोन हजार आठपासून खोटं बोलतोय.

बत्तीस हजार. त्यात स्टेपनी,
सरकत्या दाराला बांधायची सुतळी,
मागच्या काचेवर पुसट ‘शालेय विद्यार्थी वाहतूक’,
आणि सीटच्या फटीत
दोन खोडरबर, पट्टीचा अर्धा तुकडा,
वहीच्या कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात.

अठरा वर्षं. कर्वेनगर, वनदेवी, डेपो, शाळा.
शाळा, डेपो, वनदेवी, कर्वेनगर.
वारज्याच्या पुलापलीकडचं जग
हिने बघितलेलं नाही, काका म्हणाले.
मग फडक्याने आरसा पुसत,
मीपण नाही म्हणा.

सोबतीला शैलजा. माझी नणंद.
नवरा सुटला त्याला नऊ वर्षं झाली,
नणंद सुटली नाही.
कोर्टाच्या कागदात तिचा उल्लेखच नव्हता,
तेव्हा ती माझ्याकडे राहिली.
तिच्या भावाने निघायच्या आदल्या रात्री फोन करून विचारलं,
रेल्वे बंद पडलीये का?

खंबाटकीत पहिल्यांदा भाजलं.
ट्रक आमच्या अंगावर धुरळा टाकत वर चढत होते,
आणि शैलजा बॉनेटमध्ये इंजिन शोधत होती.
मी उठले, सीट उलटली, वाफ निघाली.
ती म्हणाली, अगं, कोंबडीसारखी
उबवत बसली होतीस की काय इतका वेळ?
आम्ही दगडावर बसून इतक्या हसलो
की इंजिन कधी निवलं कळलंच नाही.

साठच्या वर गेलं की दार बोलायला लागतं.
मग पन्नास. निपाणी पन्नासने, हुबळी पन्नासने.
तुमकुरूला क्लच वायर तुटली.
मेकॅनिकला मराठी येईना, आम्हाला कानडी,
पण ‘क्लच वायर’ तिघांच्याही मातृभाषेत होतं.
दीडशे रुपये घेतले. दाराची सुतळी बदलून दिली, फुकट,
निळी, नायलॉनची.

रोज दुपारी साडेबाराला काकांचा फोन.
शाळा सुटायची वेळ.
पाणी बघितलं?
बघितलं.
कुठे आहात?
चित्रदुर्ग.
ते नाव दोनदा म्हणून बघत.
मागून काकूंचा आवाज, किती लांब आलं हो ते?
वारज्याच्या पुढे, काका सांगत.

दाताचं काय करायचं
यावर आम्ही दोन जिल्हे बोललो.
शैलजा म्हणाली, समुद्रात टाकू.
मी म्हटलं, ज्याचा आहे त्याला विचारायला नको?
तो आता इंजिनिअर असेल, ती म्हणाली,
नाहीतर कुणाचा तरी बाप.
मग दिंडिगलपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
दात अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे,
पीयूसीच्या कागदाखाली.

सहाव्या दिवशी धनुष्कोडी.
रस्ता खरंच संपतो तिथे. पुढे एक कठडा,
कठड्यापलीकडे पाणी, डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी.
काय करायचं ते सुचेना,
म्हणून गाडी चालूच ठेवली.
वारा इतका की शैलजाने पदर दारात अडकवून ठेवला.

साडेबारा.
मी सीट उलटली आणि फोन इंजिनाजवळ धरला.
काका बराच वेळ ऐकत राहिले.
टॅपेट वाजतंय, म्हणाले. आल्यावर दाखवा.
आणि तो मागचा, दुसरा आवाज कसला?

समुद्राचा.

पलीकडे कूकरची एक शिट्टी झाली.
कुणीतरी गॅस बारीक केला.
लगेच बंद करू नका, काका म्हणाले.
फोन की इंजिन, ते आम्ही विचारलं नाही.
दोन्ही चालू ठेवून
पेट्रोल जाळत उभ्या राहिलो.