मीटर नंबर ७३९३९१३३

संकेश्वरात, जुन्या पी.बी. रोडला लागून
पद्मव्वा चौगुल्यांचं मिरची कांडप.
दर महिन्याच्या चार तारखेला मी तिथं
आधी शिंकतो, मग मीटर वाचतो.

मीटरखाली पत्र्याची पट्टी, पट्टीवर ठोकलेला आकडा.
बी.एस्सी.ला गणितातच दोनदा आपटलेला माणूस मी,
आठ अंक ओळीनं दिसले की हात शिवशिवतो.
तीननं जातो? बेरीज अडतीस. नाही.
सातनं? दोन उरले.
अकरानं चार, तेरानं आठ.

रीडिंग बुकाच्या पाठकोऱ्या पानांवर
दीड वर्ष भागत होतो.
हजारावर मूळ संख्या झाल्या,
शेवटची आठ हजार पाचशे सत्त्याण्णव:
बाकी चार हजार नऊशे तेहतीस.
त्या रात्री गडहिंग्लजला वडलांना फोन केला,
बोललो मात्र त्यांच्या गुडघ्याबद्दलच.

“काय रे, माझ्या मीटरात चोरी हाय काय?”
“चोरी नाही अव्वा. हा आकडा कुणालाच
सारखा वाटून देता येत नाही.”
ती मिरच्यांचे देठ मोडत राहिली.
“तिघं दीर वाटणीला आलते, तवा कुठं होतास?”

पट्टीचा उजवा कोपरा वळचणीखाली.
पहिल्या वर्षी गंजानं शेवटचा तीन खाल्ला.
उरलं त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
परत भागायला बसलो: फुटेना.
मग दुसरा तीन गेला, मग एक,
पाणी अक्षरशः उजवीकडून डावीकडं वाचत होतं,
आणि जे उरायचं ते दर वेळी
तसंच अखंड, हट्टी.

उलटं करून पाहिलं.
मूळ आकड्याच्या उजवीकडं अजून एक अंक चिकटवला.
एक लावा, सात लावा, तीननं लगेच तुकडे.
तीन आणि नऊ लावून बघितले,
तेही फुटले, वेळ घेतला खरं फुटले.
पाच आणि समांचं तर बोलूच नये.
मागं कितीही सरक, चालतंय.
पुढं एक पाऊलसुद्धा नाही.
वेशीवरचा दगड असावा तसा तो आठवा तीन.

आता नवे मीटर आलेत. काचेत हिरवे अंक,
बिल कन्नडमध्ये आपोआप छापून येतं,
मला वाचायचं फारसं काही उरलं नाही.
पद्मव्वांच्या नव्या नंबराच्या शेवटी चार.
बघितल्या बघितल्या दोन फाका.

“घेऊन जा तुझं ते,” म्हणाल्या,
जुनी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.
घरी येऊन उलगडली. सात, तीन, नऊ,
पुढं नुसता तांबडा भुगा:
गंज किती, मिरची किती, कळेना.
नऊ नीट दिसावा म्हणून बोटानं पुसला
आणि विसरून
तेच बोट डोळ्याला लावलं.