उणे दोन

रात्री दोनला फोन वाजला. उणे दोन.
नोटबुर्गा नवऱ्याचे बूट चढवून निघाली.
मांडवावर फेर्नाचच्या वेली, सासऱ्याने लावलेल्या,
डोळे नुकते फुटलेले,
लोकरीसारखे.

चावी फिरवली. पाणी उडालं,
बसलं तिथेच गोठलं,
एकेका कोंबाला काचेचं टोपरं.
खाली दरीतून मालगाडी ब्रेनरकडे गेली.
पलीकडच्या मळ्यात कोराडचा टॉर्च.
“जागी?”
“मग काय.”

नोव्हेंबरात ही बाग उपटायची आहे.
पांढऱ्या द्राक्षांच्या रोपांची आगाऊ रक्कम
मुलाने भरलीही.
पावती तिनेच फाइलला लावली,
इटालियन कागद, जर्मन सही.

उजाडलं. कोराडने हात हलवला, घरी गेला.
ऊन येऊन बर्फ आपणहून गळेपर्यंत
नळ बंद करायचा नसतो.
ती थांबली.
बूट दोन नंबर मोठे,
आत पाणी.